खाली करून ठेव

— केलं म्हंजे, केलंच की खाली. तुमीच फोनवर म्हनलते ना आप्पा, 'राजेश्वर, ते मशीन खाली करून ठेव, सोमवारी येतो.' म्हनलते का न्हाई? मग झालं तर. तुमचा शब्द मी कधी खाली पडू दिलाय का? बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय डुगडुगतोय, ह्या स्टुलावर बसा. सूनबाईचा लॅपटॉप आनला न्हवं? ठिवा, पिशवी टेबलावर ठिवा, तो पेचकस बाजूला सारा. नीलाकाकूची तब्येत कशी हाय? बरी असंल. स्टेशन रोडला आलात तर घरी चक्कर मारायची होती, आई आठवन काढीत होती — पन असू द्या, तुमाला गडबड असंल.

आदी हे बगा तर. वळखू येतं का तुमचं मशीन? बाहेरून तेच, मी काय फडक्याशिवाय दुसरं लावलं न्हाई. पडदा बी त्येच्यातच, डबा बी त्येच्यातच — बारा-तेरा वर्षांमागं तुमी हे आनलं तवा लोक नुसतं बगाया आलते, डबा कुठाय म्हून टेबलाखाली वाकत होते. आता बिचारं चालू व्हायला पंधरा मिंटं घेतंय. पन पडदा, आप्पा, पडदा एक नंबर हाय. तुमच्या डोळ्यांना लॅपटॉपवरलं बारीक अक्षर दिसंना म्हून सूनबाई म्हनल्या की लॅपटॉप जोडून ह्या मोठ्या पडद्यावर दिसू द्या — बरोबर सुचलं त्यांना. फकस्त त्यांनी घरीच वायर खुपसून बगितली आन् म्हनल्या चित्र येईना. येनार कसं? मागं ते भोक दिसतंय ना, ते बाहेर सोडायचं भोक हाय, आत घ्यायचं न्हाई. ह्या असल्या मशिनी दुसऱ्याचं ऐकून घेत न्हाईत, आपलंच दाखवतेत. म्हून पूर्ण उघडावं लागलं. काच काढली, पडदा काढला, पडद्याच्या पाठीवर नंबर असतो तो हैदराबादला कळवला, त्या नंबराचं कार्ड मागवलं — हे हिरवं, तळहाताएवढं — इकडून पडद्याची पट्टी, तिकडून लॅपटॉपची वायर. वायर तीन मीटरची टाकलीय. तुमाला एवढी लागनार न्हाई, पन मी वायर कधी अपुरी देत न्हाई. गावात कोनालाबी इचारा.

आता हे कॉम्प्युटर राहिलं न्हाई आप्पा. ह्येच्या पोटात स्वतःचं काहीच न्हाई. दुसरा जे धाडंल ते दाखवायचं, एवढंच काम.

ती? ती डिस्क. त्येच्यातलीच, काढून ठिवली. तिच्यात — न्हाई, तिच्यात काही न्हाई. खाली हाय ती. पूर्ण. म्हंजे रजिस्टर बी — हां, रजिस्टर बी गेलं. आता तुमी असं बगू नका. तुमीच म्हनलात खाली कर, आन् आपल्याकडं खाली म्हंजे काय? खाली डबा, खाली पोतं. एसटी खाली आली म्हंजे रिकामी आली. पुन्याच्या मानसाला म्हना 'खाली कर', तो उचलून जमिनीवर ठिवंल. आपून निजामाच्या मुलखातले, आपून कशाला जमिनीवर ठिवावं? मी समजलो रिकामं कर, मी केलं रिकामं. आता तुमच्या मनात जर असं असंल की माडीवरनं खाली घे — तुमचं सोयरिकीचं केंद्र माडीवर, मशीन माडीवर, तसं बी म्हनता येतं, मी न्हाई म्हनत न्हाई — तर आप्पा, ती गल्ती माझी न्हाई. बोलीचीच गल्ती हाय.

तसं बी केलं की मी. खाली बी आनलं. सतरा पायऱ्या, एकट्यानं, छातीशी धरून. काकू जिन्यात कंदील धरल्यावानी मोबाइल धरून हुब्या होत्या, म्हनल्या, 'कोनी सांगितलं रे आज न्यायला?' म्हनलो, आप्पाचा फोन आलता, खाली आन म्हनले — म्हंजे, तवा तसं समजलो मी. मग दुसऱ्या दिशी दुकानात बसून इचार केला की आप्पा मोठा मानूस, नुसतं खाली आनायला फोन कशाला करंल, त्येंचं म्हननं रिकामं कर असंच असनार. मानूस दोनदा समजू शकतो ना? एकदा चुकीचं, एकदा बरोबर.

बोला की कायतरी. तुमी हे गप बसता ना, त्येच्यानंच मानसं बोलत सुटतेत. मी लहानपनापास्नं बगतोय. पोरीचा बाप तुमच्या माडीवर यायचा, तुमी नुसतं पान लावीत बसायचे, आन् तो आपल्या हातानं सगळं सांगून मोकळा व्हायचा — पोरगी एकदा पळून गेलती, परत आनली, कोनाला सांगू नका. परळीपासून उदगीरपर्यंत आपल्या लिंगायताच्या कोनत्या घरात लग्नाचं लेकरू हाय आन् कोनत्या घरात काय झाकलेलं हाय, तुमाला मालूम. तुमी कोनाची सोयरीक मोडली असं कोनी म्हननार न्हाई. तुमी फकस्त इचारल्यावर सांगता.

खरंय. पडदा करायचा तर डिस्क पुसावी लागत न्हाई. तुमी इचारायच्या आदी मीच सांगतो. चार इस्क्रू काढायचे, डिस्क काढायची, पाकिटात घालून मालकाच्या हातात द्यायची. सगळ्यांना तशीच देतो. सुंदररावाच्या शाळेचं मशीन केलं तवा डिस्क देताना वर चिठ्ठी चिकटवून दिलती — ह्यात पोरांचे निकाल हायत, जपून ठिवा. आन् मी गिऱ्हाइकाचं आत बगत न्हाई. अठरा वर्षं झाली दुकानाला. लोकांच्या मशिनीत काय काय असतंय, पन मी डोळ्यानं बगून न बगितल्यासारखं करतो, हा धंदाच तसा हाय, तुमच्यासारखाच.

पन पडदा ठीक हाय का बगायला चालू तर करावं लागतंय ना? केलं चालू. गरगर, गरगर, पंधरा मिंटं. तवर मी कार्डाच्या पट्ट्या बगत होतो. आन् तुमच्या मुलानं का कोनी ते असं लावून ठिवलंय, मशीन जागं झालं की रजिस्टर आपोआप उघडतंय. मी काय डोळे मिटून बसू? समोर आलं. नाव, गाव, शिक्षन, उंची. मग तुमचा तो शेऱ्याचा रकाना. शेऱ्याच्या पुढं 'माहिती कोणाकडून'. लई नीट ठिवलंय आप्पा, खोटं कशाला बोलू. एका पोराच्या पुढं 'सुपारी खातो, सोडील'. एकीच्या पुढं 'आई कडक आहे, मुलीला माहेरी जास्त पाठवू नये'. मला हसू आलं. गावं अ-आ-इ लावलेली, वर आंबाजोगाई होतं. मी खाली गेलो. उगंच. आपल्या घाटनांदूरपर्यंतच गेलो.

पाठ झालंय मला. म्हनू? 'रोहिणी. लॅब टेक्निशियन. मुलगी शांत, कामाला चांगली. पाठीवर कोड असल्याचे समजते. पाहुण्यांनी खात्री करावी.' माहिती कोनाकडून? नीलाबाई.

माझी बहीन हाय ती. एकतीस वर्षांची झाली. रोज आंबाजोगाईला एसटीनं जाती, दिवसभर लोकांचं रक्त काढती, सहाला गाडीनं परत येती आन् आल्यावर आईच्या पायाला तेल लावती. चार वर्षांत सात ठिकानं आली. सगळ्यांना पसंत. गाडीत बसताना हात जोडून म्हनायचे, कळवतो. आन् जाताना तुमच्या माडीवर चहा प्यायला थांबायचे, तुमी मोठे म्हून. दोन दिवसांनी फोन — योग न्हाई. सातही जनांचा तोच शब्द, योग न्हाई. मी म्हनायचो रंगामुळं असंल, माझ्या धंद्यामुळं असंल, बाप न्हाई म्हून असंल. आई सोमवार धरून बसली. रोहिणी म्हनायची, दादा, तू फिकर करू नको, मला कुठं घाई हाय. आन् सगळ्याचं कारन तुमच्या त्या एका रकान्यात, एका 'समजते'मधी. काकूला कुठून समजलं? कपिलधारच्या यात्रेत धबधब्याखाली बायका आंघोळीला उतरल्या होत्या, ओला पदर पाठीला चिकटला, काकूनं पांढरं बगितलं. एवढंच ना? मला आईनं सांगितलं, काकू त्या दिशी लई निरखून बगत होत्या म्हून. पांढरं दिसलं म्हंजे कोडच?

तर हां. पुसली मी. समजून पुसली. एकट्या रोहिणीची ओळ पुसून भागलं नसतं, तुमाला लगेच कळलं असतं की एकच ओळ कशी गेली. म्हून सगळी पुसली. हजार-बाराशे घरांची यादी, तुमच्या पंचवीस वर्षांची मेहनत, एका बटनात. आन् मग तुमच्या त्या शब्दामागं लपलो, खाली. मला चांगलं मालूम होतं तुमी 'माडीवरनं खाली घे' म्हनलते ते. पन उदगीरची मंडळी गुरुवारी बगून गेली, मुलगा मास्तर हाय, एकटा उठून आमच्या आईजवळ गेला आन् म्हनला, मला पसंत हाय. आन् त्येचा मामा म्हनला, मंगळवारी आप्पाला भेटून कळवतो. मंगळवार उद्या हाय आप्पा. मला एक आठवडा पायजे होता. रजिस्टर नसलं तर तुमी म्हनला असता, बगतो, आठवतो. तेवढ्यात सुपारी फुटली असती. पोलिसात जायचं तर जा. दुकानाला कुलूप लावा. मी न्हाई म्हननार न्हाई.

काय?

परत म्हना.

रिकामंच करायला सांगितलतं? म्हंजे — खाली म्हंजे रिकामं, असंच म्हनायचं होतं तुमाला? आन् रजिस्टर? सूनबाईनं पंधरा दिवसांमागंच लॅपटॉपात उतरवून घेतलं. जुन्या मशिनीत लोकांच्या घरचं काही राहू नये, म्हून तुमी मला पुसायला सांगितलं. आन् आल्या आल्या तुमी फकस्त एवढंच इचारलं, खाली केलं का. काम झालं का, एवढंच.

म्हंजे मगापास्नं मी एकटाच बोलतोय.

हसू नका. हसत न्हाईत तुमी, दिसतंय मला. असलं तर हसा, बरं वाटंल. मी 'व्हय' म्हनलो असतो तर तुमी पिशवी उचलून गेला असता. एक 'व्हय' आप्पा. एवढं बोलून मी काय मिळवलं — ओळ तर तिथंच हाय. लॅपटॉपात. ह्या पिशवीत.

लावतो की. लावून दाखवायचंच हाय, तुमचं काम हाय ते, करून देनार. ही वायर इकडं. हे कार्डाचं बटन. थांबा, आदी निळं येतंय, मग — आलं. बगा. चष्मा काढून बगा, दिसतंय का? एवढं ठसठशीत अक्षर. सूनबाईनं बी तसंच लावून ठिवलंय, लॅपटॉप उघडला की रजिस्टर. कोन खाली नेतंय? तुमीच नेताय. न्या. आंबाजोगाई. उदगीर. औसा. ... घाटनांदूर. थांबा तिथंच. हो, तीच. ह्या पडद्यावर कसली मोठी दिसायलीय. नुसत्या लॅपटॉपवर असती तर निदान बारीक तरी असती.

काय इचारलंत? कोड न्हाई तर काय हाय?

भाजलेलं हाय. जुनं. लहानपनीचं. भाजलेली कातडी पांढरी पडती, कुठल्याबी डॉक्टरला इचारा. कशानं म्हंजे, पान्यानं. आंघोळीचं पानी सांडलं. चुलीवरलं. तसंच सांगितलतं बापानं सगळ्यांना, आंबाजोगाईच्या दवाखान्यात बी तसंच लिहिलंय, चुलीवरलं पानी. मग पुढं ते बी सांगायचं बंद केलं, बंद गळ्याचा ब्लाउज शिवायला लागली ती, इषयच संपला. हां. तसंच झालं.

पान लावायला घेतलंत तुमी.

चूल न्हवती आप्पा. मी तेरा वर्षांचा होतो, ती सात. इस्त्री बिघडलेली होती घरात, तिची कॉइल काढून मी पानी तापवायचा हीटर बनवला. माझं पहिलं काम. लई गुर्मी होती मला, आईला म्हनलो, आता लाकडं फोडायची न्हाईत. वायर हातभर कमी पडली. खोलीतलं बटन वर, पातेलं खाली, पोचंना. म्हून पातेलं स्टुलावर ठिवलं. रोहिणी साबन उचलायला स्टुलाखाली वाकली आन् मी तिला दाखवायला गेलो की बग, कसं उकळतंय, आन् वायर हलली, पातेलं तिच्या पाठीवर आलं. ती दीड महिना पोटावर निजून होती. मी पहिल्यांदा गेलो दवाखान्यात तर मला म्हनली, 'दादा, पानी लई लवकर तापलं.' कौतुकानं म्हनली ती. बापानं मला बाहेर वऱ्हांड्यात नेलं आन् सांगितलं, हे बाहेर गेलं तर तुझ्या हातात कोनी टॉर्च सुदिक दुरुस्तीला देनार न्हाई. चूल म्हनायचं. चोवीस वर्षं मी चूल म्हनतोय. ह्या टेबलावर पाच गावाच्या मशिनी येतेत, लोक विश्वासानं ठिवून जातेत, आन् त्या विश्वासाखाली तिची पाठ हाय. सात ठिकानं मोडली तरी तिनं एकदा बी म्हनलं न्हाई की आप्पाकडं जाऊन खरं सांग. तिला मालूम होतं लोक काय समजतेत. बायकांना मालूम असतंयच. माझ्या दुकानासाठी गप राहिली. मी पुसायला गेलो ते कोड न्हाई आप्पा, माझंच नाव पुसायला गेलतो.

कीबोर्ड? मी? न्हाई, रजिस्टर तुमचं हाय, तुमी लिहा. ... बरं, द्या इकडं. तुमी लिहिलं तर तुमी परत 'समजते' लिहिताल. सरका जरा.

'पाठीवर कोड नाही.' हे झालं. 'वयाच्या सातव्या वर्षी उकळत्या पाण्याने भाजले.' चूल लिहू? न्हाई. 'हीटर भावाने घरी बनवला होता. वायर अपुरी होती.' हे वायरचं राहू द्या, लोकांना कळू द्या काय चुकलं ते. आता पुढला रकाना. माहिती कोनाकडून. काकूचं नाव काढतो, त्यांना सांगा राग मानू नका. राजेश्वर. नुसतं राजेश्वर चालंल? गावात तीन राजेश्वर हायत, उदगीरचा मामा भलत्यालाच गाठंल. 'राजेश्वर, भाऊ. कॉम्प्युटर दुरुस्ती, स्टेशन रोड.' वाचा. दिसतंय ना नीट?

जपून ठिवलं. आता वायर काढतो. बगा, गेलं, पडदा काळा. ह्येच्यात काही राहत न्हाई. उद्या मामा आला की माडीवर लावा आन् तो म्हनंल तेवढं मोठं करून वाचू द्या. वायर पिशवीत टाकलीय, कार्डाला हात लावू नका, धूळ बसली तर फडकं कोरडं घ्या. मशीन मी संध्याकाळी आनून देतो, तुमच्यानं उचलनार न्हाई. माडीवर आनतो, वर. डिस्क घेऊन जा तुमची, खाली हाय ती, खरंच खाली हाय.

न्हाई, बसू नका आता. पावने सहा झालेत, गाडी यायलीय. ती उतरली की सरळ दुकानातच येती, डबा ठिवायला. तिला हे माझ्या तोंडून ऐकू द्या, तुमच्या तोंडाकडं बगून नको. जा आप्पा. खांद्यावर हात ठिवू नका, जा तुमी.